चित्रपटांतील व्हॅम्पायर आणि वेताळ

'''व्हॅम्पायर चित्रपट''' हा भयपटांचा एक उपप्रकार आहे. मृत्यूनंतरही स्वतःच्या देहासह वावरणारे आणि जिवंतांच्या रक्तावर जगणारे पात्र या चित्रपटांच्या केंद्रस्थानी असते. या पात्राची कल्पना पूर्व युरोपातील लोकसमजुतींतून आली, एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी साहित्यात तिला निश्चित रूप मिळाले आणि विसाव्या शतकात चित्रपटाने ती जगभर पोहोचवली. मराठीत व्हॅम्पायरसाठी 'रक्तपिपासू', 'रक्तपिशाच' आणि 'वेताळ' हे शब्द वापरले जातात. त्यांपैकी वेताळ ही मुळात वेगळ्या परंपरेतील संकल्पना आहे. तिची सर्वांत प्रसिद्ध कथा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्याला लागून असलेल्या पैठण परिसरात घडते. प्रस्तुत लेखात व्हॅम्पायर चित्रपटांचा इतिहास, त्यांतील महत्त्वाच्या कलाकृती आणि भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या कल्पनेला मिळालेली रूपे यांचा आढावा घेतला आहे.

## संकल्पना

व्हॅम्पायर आणि इतर भुते यांतील मुख्य भेद देहाचा आहे. भूत हे सामान्यतः देह सोडून गेलेल्या व्यक्तीचे अवशिष्ट रूप समजले जाते, तर व्हॅम्पायर हे पुरलेले प्रेतच असते. ते कबरीतून उठते, रक्त पिते आणि पुन्हा कबरीत परतते. म्हणून ही समजूत प्रामुख्याने प्रेत पुरण्याची प्रथा असलेल्या समाजांत रुजली.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅब्सबर्ग साम्राज्याच्या अखत्यारीतील सर्बियन प्रदेशात अशा समजुतींची साथच पसरली होती. १७२५ मधील पेटर प्लोगोयोविच आणि त्यानंतरचे आर्नोल्ड पाओले ही प्रकरणे सरकारी अहवालांत नोंदवली गेली. गावकऱ्यांनी कबरी उकरल्या, तेव्हा प्रेते फुगलेली आणि तोंडाशी रक्त असलेली आढळली. त्यावरून मृत व्यक्ती रक्त पीत असल्याचा निष्कर्ष काढून प्रेतांच्या छातीत खुंटी ठोकणे, ती जाळणे असे प्रकार घडले. प्रेत कुजताना पोटात वायू साठतो, त्याच्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडावाटे बाहेर येतो आणि कातडी आकसल्यामुळे नखे व केस वाढल्याचा भास होतो, हे स्पष्टीकरण आज सर्वमान्य आहे. सम्राज्ञी मारिया तेरेसा हिचे वैद्य गेरार्ड फान स्वीटेन यांनी या समजुतींची तपासणी करून त्या निराधार ठरवल्या. त्यानंतर १७५५ मध्ये कबरी उकरण्यास व प्रेतांची विटंबना करण्यास बंदी घालण्यात आली.

साहित्यात जॉन पॉलिडोरी यांची 'द व्हॅम्पायर' (१८१९), शेरिडन ल फानू यांची 'कार्मिला' (१८७२) आणि ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' (१८९७) या कृतींनी या पात्राला उमरावी पेहराव, वाडा आणि मोहक व्यक्तिमत्त्व दिले. खेड्यातील सुजलेल्या प्रेताचा अशा रीतीने सरदार झाला.

## वेताळ आणि प्रतिष्ठान

काश्मीरमधील कवी सोमदेव याने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागर' या संस्कृत ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथांचा समावेश आहे. त्यांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठानचा राजा आहे. क्षान्तिशील नावाच्या भिक्षूला दिलेल्या शब्दाखातर तो रात्री स्मशानात जातो, झाडाला लटकणारे प्रेत खांद्यावर घेतो आणि त्या प्रेतात शिरलेला वेताळ त्याला कोड्याच्या रूपाने कथा सांगू लागतो. प्रतिष्ठान म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण. पैठणहून पुढे वाहणारी गोदावरी जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जाते. जालना जिल्हाही १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला.

'कथासरित्सागर' ज्या ग्रंथावर आधारलेला आहे, ती गुणाढ्याची 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. परंपरेनुसार गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारी होता. त्याने ही कथा पैशाची भाषेत, शाईच्या अभावी स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारल्यावर त्याने तिचे एकेक पान वनातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकले, असे सोमदेव सांगतो.

वेताळ आणि व्हॅम्पायर यांच्यात पुढील फरक आहेत :

* वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात प्रवेश करतो. व्हॅम्पायर स्वतःच्याच मृत देहात वावरतो.
* या कथांतील वेताळाचे अस्तित्व रक्तावर अवलंबून नाही. तो बुद्धिमान, वाक्पटू आणि न्यायाची जाण असलेला आहे.
* वेताळ अखेरीस राजाला कपटी भिक्षूपासून सावध करून त्याचे प्राण वाचवतो. व्हॅम्पायर पाहुण्याचे प्राण घेतो.

कोकण व गोव्यात वेताळ हा ग्रामरक्षक देव म्हणून पूजला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवलीच्या वेतोबाला केळी आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करण्याची प्रथा आहे, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो असे मानले जाते. पुण्यातील वेताळ टेकडीही या दैवताच्या नावाने ओळखली जाते.

इंग्रजीत वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हा शब्द रूढ होण्यात रिचर्ड बर्टन यांच्या 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' (१८७०) या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. बर्टन यांनी मूळ कथांपैकी निवडक कथांचे मुक्त रूपांतर केले आणि वेताळाला युरोपीय वाचकाच्या परिचयाचे नाव दिले. ब्रॅम स्टोकर बर्टन यांना भेटले होते. अभिनेते हेन्री अर्व्हिंग यांच्याविषयीच्या आठवणींच्या पुस्तकात स्टोकर यांनी बर्टन बोलताना त्यांचा सुळा दिसत असल्याचे नोंदवले आहे. पुढे भारतीय चित्रपटांत व्हॅम्पायरला 'बेताल' म्हणण्याची प्रथा पडली, तेव्हा बर्टन यांनी केलेले भाषांतर उलट्या दिशेने परत आले.

## मराठी लोकसमजुतींतील भुते

मराठी लोकपरंपरेत भुतांचे अनेक प्रकार सांगितले जातात. मुंज झाल्यावर आणि लग्नापूर्वी मरण पावलेला मुलगा म्हणजे मुंजा, बाळंतपणात मृत्यू आलेली स्त्री म्हणजे हडळ, इच्छा अपुरी राहिलेला मृत म्हणजे समंध. याशिवाय खवीस, झोटिंग, जखीण, गिऱ्हा, ब्रह्मराक्षस अशी नावे आढळतात. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. महाराष्ट्रात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या त्यांच्या मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीत भूत, प्रेत आणि समंध यांपासून संरक्षणाचे आश्वासन आहे.

या यादीतील बहुतेक भुते झाडाला, विहिरीला, वाटेला किंवा व्यक्तीला 'धरतात'. ती देहहीन असतात. बहुसंख्य हिंदू समाजात प्रेताचे दहन होत असल्यामुळे परत येण्यासाठी देहच उरत नाही. त्यामुळे स्वतःच्या प्रेतासह उठणाऱ्या व्हॅम्पायरला येथील समजुतींत नैसर्गिक जागा नव्हती. भारतीय चित्रपटकारांना व्हॅम्पायर पडद्यावर आणताना तळघर, शवपेटी, शाप किंवा तांत्रिक विधी यांची जोड द्यावी लागली, त्यामागे हेही एक कारण आहे.

## जागतिक चित्रपटांतील इतिहास

### मूकपट आणि 'नोस्फेराटू'

फ्रिडरिश व्हिल्हेल्म मुर्नाऊ दिग्दर्शित 'नोस्फेराटू' (१९२२) हा जर्मन मूकपट या प्रकारातील पायाभूत चित्रपट मानला जातो. माक्स श्रेक यांनी त्यात काउंट ओरलोकची भूमिका केली. टक्कल, टोकदार कान, उंदरासारखे पुढचे दात आणि लांब नखे असलेला ओरलोक मोहक नसून रोगराईचे रूप आहे. तो शहरात येतो तेव्हा जहाजातून उंदीर आणि प्लेगही येतात. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायरचा नाश होतो, हा आज सर्वपरिचित असलेला नियम याच चित्रपटाने रूढ केला. स्टोकर यांच्या कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो.

निर्मात्या प्राना-फिल्म या संस्थेने कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. पात्रांची नावे बदलूनही कथेतील साम्य उघड होते. स्टोकर यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी दावा दाखल केला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशात आधीच पोहोचलेल्या काही प्रतींमुळे चित्रपट वाचला. टॉड ब्राउनिंग यांच्या 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) या चित्रपटाच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. त्याची अखेरची ज्ञात प्रत १९६० च्या दशकात एमजीएम कंपनीच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली.

### बोलपट : लुगोसी आणि ड्रायर

युनिव्हर्सल कंपनीचा 'ड्रॅक्युला' फेब्रुवारी १९३१ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या पुढील महिन्यात, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. टॉड ब्राउनिंग दिग्दर्शित 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसी यांनी प्रमुख भूमिका केली. त्यांचा संथ, परकीय ढंगाचा उच्चार, संध्याकाळचा पोशाख आणि झगा यांमुळे पुढील अनेक दशकांचा ड्रॅक्युला निश्चित झाला. या चित्रपटात सुळे दिसत नाहीत. भय केवळ नजर, आवाज आणि शांतता यांतून निर्माण होते. त्याच सेटवर रात्रीच्या वेळी जॉर्ज मेलफर्ड यांच्या दिग्दर्शनाखाली स्पॅनिश आवृत्तीही चित्रित झाली. कॅमेऱ्याच्या हालचालींच्या बाबतीत अनेक समीक्षक ती इंग्रजी आवृत्तीपेक्षा सरस मानतात.

डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांचा 'व्हॅम्पीर' (१९३२) ल फानू यांच्या कथांवर सैलपणे आधारलेला आहे. धूसर छायाचित्रण, माणसापासून सुटून फिरणाऱ्या सावल्या आणि शवपेटीत पडलेल्या माणसाच्या नजरेतून दिसणारी अंत्ययात्रा यांसाठी तो प्रसिद्ध आहे.

### हॅमर आणि रंगीत रक्त

ब्रिटनमधील हॅमर कंपनीच्या 'ड्रॅक्युला' (१९५८) या चित्रपटाने हा प्रकार रंगीत केला. टेरेन्स फिशर दिग्दर्शक होते. ख्रिस्तोफर ली यांनी ड्रॅक्युला आणि पीटर कुशिंग यांनी व्हॅन हेल्सिंग साकारला. लाल रक्त, ठळक सुळे आणि उघड कामुकता ही हॅमरची वैशिष्ट्ये ठरली. ब्रिटिश सेन्सॉरने काढायला लावलेल्या दृश्यांचा काही भाग अनेक दशकांनंतर जपानच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्रातील रिळांत सापडला व पुनर्संचयित आवृत्तीत समाविष्ट झाला. हॅमरचे चित्रपट भारतीय भयपटकारांसाठी प्रमुख आदर्श ठरले.

### प्रादेशिक रूपांतरे

व्हॅम्पायरची कथा ज्या ज्या प्रदेशात गेली, तेथील धर्म आणि इतिहास यांनुसार तिचे तपशील बदलले. तुर्कस्तानातील 'ड्रॅक्युला इस्तंबूलमध्ये' (१९५३) या चित्रपटात कथानक इस्तंबूल शहरात आणले गेले. मेक्सिकोत फर्नांदो मेन्देझ यांचा 'एल व्हाम्पिरो' (१९५७) जमीनदारी वाड्यात घडतो. लाहोरमध्ये तयार झालेल्या ख्वाजा सरफराज दिग्दर्शित 'जिंदा लाश' (१९६७) या पाकिस्तानी चित्रपटात प्रोफेसर तबानी अमरत्वाचे रसायन शोधताना मरतो आणि रक्तपिपासू बनून उठतो. येथे शापाची जागा प्रयोगशाळेने घेतली आहे. हाँगकाँगच्या 'मिस्टर व्हॅम्पायर' (१९८५) मध्ये चिंग राजवटीतील अधिकाऱ्याच्या पोशाखातील 'च्यांगशी' हे ताठ प्रेत उड्या मारत चालते आणि कपाळावर मंतरलेला कागद चिकटवला की थांबते.

## भारतातील व्हॅम्पायर चित्रपट

### पार्श्वभूमी

'नोस्फेराटू'सारख्या चित्रपटांतून विकसित झालेली जर्मन अभिव्यक्तिवादी शैली महाराष्ट्रात दोन मार्गांनी आली. प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम 'सैरंध्री'च्या रंगप्रक्रियेसाठी १९३३ मध्ये जर्मनीला गेले होते. त्यानंतर पुण्यात तयार झालेल्या 'अमृतमंथन' (१९३४) या चित्रपटात गडद सावल्या, तिरकस प्रकाश आणि बळीप्रथेचा कैवार घेणाऱ्या राजगुरूच्या डोळ्याचे अतिसमीप दृश्य आढळते. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दाते यांनी, तर हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांनी केली. दुसरा मार्ग मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा होता. तेथील जर्मन छायालेखक योझेफ व्हिर्शिंग यांनी पुढे कमाल अमरोही यांच्या 'महल' (१९४९) या चित्रपटाचे छायाचित्रण केले. 'महल'मध्ये खरे भूत नाही, परंतु ओसाड वाडा, झोका आणि अंधारातील स्त्री ही हिंदी भयपटाची दृश्यभाषा त्यातून स्थिर झाली.

### रॅमसे बंधू

फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या फतेहचंद रॅमसे यांच्या सात मुलांनी मिळून हिंदीत भयपटांची स्वतंत्र शाखा उभी केली. कुमार, तुलसी, श्याम, केशू, अर्जुन, गंगू आणि किरण या भावांनी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी ही कामे आपसांत वाटून घेतली होती. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) या त्यांच्या पहिल्या प्रमुख भयपटाचे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले. 'पुराना मंदिर' (१९८४) या चित्रपटाला मोठे व्यावसायिक यश मिळाले. त्यातील सामरी हे पात्र अजय अग्रवाल, मूळ नाव अनिरुद्ध अग्रवाल, यांनी साकारले. शिक्षणाने अभियंता असलेल्या अग्रवाल यांची उंची आणि लांबट चेहरा रॅमसे चित्रपटांची ओळख बनली.

तुलसी व श्याम रॅमसे दिग्दर्शित 'बंद दरवाजा' (१९९०) हा हिंदीतील सर्वांत स्पष्ट ड्रॅक्युला-रूपांतरांपैकी एक आहे. अग्रवाल यांनी त्यात नेवला या रक्तपिपासूची भूमिका केली. नेवला काळ्या पहाडीवर राहतो, शवपेटीत झोपतो आणि वटवाघळाचे रूप घेतो. कथेची सुरुवात मात्र भारतीय आहे. ठाकूर घराण्यातील सुनेला मूल होत नसल्याने तिला नेवलाकडे नेले जाते, आणि मुलगी झाल्यास ती त्याला द्यावी अशी अट घातली जाते. वांझपणाचा कलंक आणि मुलीला 'देऊन टाकण्याची' तयारी यांमुळे राक्षसाला घरात प्रवेश मिळतो. त्या अर्थाने येथील 'निमंत्रण' समाजच देतो. क्रूसाच्या जोडीला किंवा त्याच्या जागी त्रिशूळ, ओम अशी चिन्हे वापरणे हे रॅमसे चित्रपटांचे सर्वसाधारण वैशिष्ट्य होते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'झी हॉरर शो'मुळे रॅमसे शैली दूरचित्रवाणीवरून लहान शहरांतील व खेड्यांतील घरांपर्यंत पोहोचली.

### वेताळाचे पुनरागमन

रामानंद सागर यांच्या 'विक्रम और बेताल' (१९८५) या दूरदर्शन मालिकेत अरुण गोविल यांनी विक्रम, तर ज्येष्ठ अभिनेते सज्जन यांनी बेताल साकारला. हा बेताल कथापरंपरेतील कोडी घालणारा होता. तमिळ 'विक्रम वेधा' (२०१७) आणि त्याच नावाची हिंदी आवृत्ती (२०२२) यांत वेताळकथेची प्रश्नोत्तरी चौकट पोलीस व गुंड यांच्या संघर्षाला लावण्यात आली. नेटफ्लिक्सवरील 'बेताल' (२०२०) या मालिकेत वेताळ हे नाव मृत सैनिकांच्या फौजेशी जोडले गेले. मल्याळममध्ये विनयन यांनी 'ड्रॅक्युला २०१२' (२०१३) हा त्रिमितीय चित्रपट केला.

वेताळ आणि व्हॅम्पायर यांचे एकीकरण 'थामा' (२०२५) या हिंदी चित्रपटात पूर्ण झाले. मराठी दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांच्या या चित्रपटात आयुष्मान खुराना, रश्मिका मंदाना, नवाजुद्दीन सिद्दीकी आणि परेश रावल यांच्या भूमिका आहेत. त्यातील 'बेताल' ही जंगलात राहणारी, रक्तावर जगणारी जमात आहे. सरपोतदार यांनी त्यापूर्वी डोंबिवलीत घडणारा मराठी झोंबीपट 'झोंबिवली' (२०२२) आणि कोकणातील लोकसमजुतीवर आधारित हिंदी 'मुंज्या' (२०२४) हे चित्रपट दिग्दर्शित केले होते.

### मराठी साहित्य आणि चित्रपट

मराठीत रक्तपिपासूची कल्पना पडद्यापेक्षा पुस्तकांतून अधिक पसरली. भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांची 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' या व्हॅम्पायर कादंबरीवर बेतलेली आहे. धारपांनी परकीय कथाबीजे मराठी गावांत, वाड्यांत आणि कुटुंबांत अशा रीतीने रुजवली की वाचकांना ती परकी वाटली नाहीत. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटामागेही धारपांच्या एका कथेची प्रेरणा आहे. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण करून देते.

मराठी चित्रपटांचा ओढा मुख्यतः स्थानिक भुतांकडे आणि विनोदमिश्रित भयाकडे राहिला. महेश कोठारे यांचे 'झपाटलेला' (१९९३) आणि 'पछाडलेला' (२००४) ही त्याची लोकप्रिय उदाहरणे होत. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) या चित्रपटात उसाच्या फडात अडकलेली गर्भवती स्त्री आणि मुलींच्या हत्येचा इतिहास यांतून भय निर्माण होते.

## महत्त्वाचे चित्रपट

समीक्षेत आणि चित्रपट-अभ्यासात वारंवार उल्लेखले जाणारे काही व्हॅम्पायर चित्रपट पुढे कालक्रमाने दिले आहेत. वर चर्चा केलेल्या चित्रपटांचा यात पुन्हा समावेश केलेला नाही.

* '''ब्लॅक्युला''' (१९७२, अमेरिका) : विल्यम क्रेन दिग्दर्शित. गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी ड्रॅक्युलाकडे मदत मागायला गेलेल्या आफ्रिकी राजपुत्रालाच तो व्हॅम्पायर बनवतो. कृष्णवर्णीय नायक असलेला या प्रकारातील महत्त्वाचा टप्पा.
* '''मार्टिन''' (१९७७, अमेरिका) : जॉर्ज रोमेरो दिग्दर्शित. सुळे नसलेला, दाढीच्या पात्यांनी रक्त काढणारा तरुण खरोखर व्हॅम्पायर आहे की मनोरुग्ण, हा प्रश्न चित्रपट अनुत्तरित ठेवतो.
* '''नोस्फेराटू''' (१९७९, पश्चिम जर्मनी) : व्हेर्नर हेर्झोग दिग्दर्शित. क्लाउस किन्स्की यांचा ड्रॅक्युला मरू न शकल्याने थकलेला आणि एकाकी आहे.
* '''निअर डार्क''' (१९८७, अमेरिका) : कॅथरिन बिगेलो दिग्दर्शित. व्हॅम्पायरपट आणि वेस्टर्न यांचा मिलाफ. चित्रपटात 'व्हॅम्पायर' हा शब्द उच्चारला जात नाही.
* '''ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला''' (१९९२, अमेरिका) : फ्रान्सिस फोर्ड कोपोला दिग्दर्शित. वेशभूषा, रंगभूषा आणि ध्वनिप्रभाव संकलन यांसाठी तीन ऑस्कर. दृश्यप्रभावांसाठी संगणकाऐवजी मूकपटकाळातील युक्त्यांचा वापर.
* '''लेट द राइट वन इन''' (२००८, स्वीडन) : तोमास आल्फ्रेडसन दिग्दर्शित. शाळेत छळ सोसणारा बारा वर्षांचा मुलगा आणि शेजारी राहायला आलेले व्हॅम्पायर मूल यांची मैत्री. निमंत्रणाविना घरात न येण्याच्या नियमाचा अत्यंत प्रभावी वापर.
* '''थर्स्ट''' (२००९, दक्षिण कोरिया) : पार्क चान-वूक दिग्दर्शित. वैद्यकीय प्रयोगानंतर रक्ताची तहान लागलेल्या धर्मगुरूची कथा. कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक.
* '''अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट''' (२०१४, अमेरिका) : अ‍ॅना लिली अमिरपूर दिग्दर्शित फारसी भाषेतील कृष्णधवल चित्रपट. चादर पांघरलेली तरुणी रात्रीच्या रस्त्यांवर पुरुषांना भय दाखवते.
* '''सिनर्स''' (२०२५, अमेरिका) : रायन कूगलर दिग्दर्शित. १९३२ मधील मिसिसिपी, ब्लूज संगीत आणि वंशभेद यांच्या पार्श्वभूमीवर व्हॅम्पायर येथे दुसऱ्यांची कला व स्मृती गिळंकृत करणारे ठरतात.

## आशय आणि अन्वयार्थ

व्हॅम्पायर हे पात्र टिकून राहण्यामागे त्याची लवचिकता असल्याचे मानले जाते. 'नोस्फेराटू'त ते साथीच्या रोगाचे, लुगोसी यांच्या चित्रपटात परकीय आगंतुकाचे, हॅमरमध्ये दडपलेल्या वासनेचे, तर १९८० च्या दशकानंतर व्यसन आणि रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाचे रूपक ठरले. दुसऱ्याच्या श्रमावर जगणाऱ्या वर्गासाठीही हे रूपक जुने आहे. कार्ल मार्क्स यांनी 'भांडवल' या ग्रंथात भांडवलाची तुलना व्हॅम्पायरशी केली आहे. 'रक्त शोषणे' हा मराठी वाक्प्रचार सावकारासाठी आणि पिळवणूक करणाऱ्या कोणासाठीही पूर्वापार वापरला जातो. रॅमसे चित्रपटांतील हवेलीत राहणारा राक्षस हाही बहुधा जुन्या सरंजामी सत्तेचा अवशेष असतो.

## समाजावरील परिणाम आणि कायदा

भयपटांतील राक्षस काल्पनिक असला, तरी त्याच्या मागील समजुतींचे परिणाम प्रत्यक्षात घडत आले आहेत. अठराव्या शतकातील सर्बियात शेजाऱ्यांची प्रेते विटंबली गेली. मराठवाड्यात 'भानामती'च्या समजुतीतून जिवंत माणसांवर, विशेषतः स्त्रियांवर, करणी केल्याचे आरोप होत आले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या प्रकारांविरुद्ध दीर्घकाळ काम केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्र शासनाने नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अध्यादेश काढला व पुढे त्याचा कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे भासवून तिला त्रास देणे हा या कायद्यानुसार गुन्हा आहे. १७५५ मधील बंदी मृतांच्या रक्षणासाठी होती. २०१३ चा कायदा जिवंतांच्या रक्षणासाठी आहे. दोन्हींनी भुताचे अस्तित्व सिद्ध वा असिद्ध करण्यापेक्षा भुताच्या नावाने माणसाने केलेल्या कृतीला प्रतिबंध केला.

## जतन

व्हॅम्पायर चित्रपटांचा इतिहास हा हरवलेल्या आणि योगायोगाने वाचलेल्या रिळांचाही इतिहास आहे. सुरुवातीच्या काळातील नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोपर्यंत बहुतेक भारतीय मूकपट नष्ट झाले होते. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या ताब्यातील अनेक नायट्रेट प्रती जळाल्या. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. न्यायालयाने नष्ट करण्याचा आदेश दिलेला 'नोस्फेराटू' मात्र विविध देशांत उरलेल्या प्रतींवरून पुन्हा जोडला गेला आणि आज तो सर्वत्र पाहता येतो.

## हेही पाहा

* वेताळपंचविशी
* कथासरित्सागर
* रॅमसे बंधू
* नारायण धारप
* जर्मन अभिव्यक्तिवाद
* पैठण